कळ, आकडा आणि अक्षर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जुलै महिना होता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आमच्या वर्गातली एक विद्यार्थिनी ओढणीखाली लॅपटॉप सांभाळत दारात उभी राहिली. "सर, याला काहीतरी लागलंय," ती म्हणाली. कोकणात 'लागलंय' या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मी विचारले, "म्हणजे काय झालं गं?"

"मी लिहीत असते पाचव्या पानावर, आणि बाण आपोआप उडी मारतो तिसऱ्या पानावर. तिथं टिचकी मारतो आणि माझी अक्षरं भलत्याच वाक्यात घुसतात. हात लावला नाही तरी थरथरत असतो."

लॅपटॉप जुना होता. मुंबईच्या मामाने वापरून दिलेला. तिने आपल्या गावातल्या वडीलधाऱ्या माणसांकडून भातशेतीतले बोलीशब्द गोळा केले होते आणि त्यांचा प्रकल्प सोमवारी द्यायचा होता. दिवस शुक्रवारचा. दुरुस्तीच्या एका दुकानात तिला सांगितले होते, की बोट फिरवायची पट्टी, म्हणजे टचपॅड, बदलावी लागेल आणि आठ दिवस लागतील. खर्चाचा आकडा ऐकून ती तशीच परत फिरली होती.

मी यंत्रांचा डॉक्टर नव्हे, भाषा शिकवणारा माणूस आहे. पण त्या लॅपटॉपवर लिनक्स होते, आणि लिनक्सशी शब्दांनी बोलता येते एवढे मला माहीत होते. आम्ही दोघांनी एका ओळीत तो बाण गप्प बसवला. ती ओळ कोणती, आणि ती का चालली, हे आज आपणांस सांगायचे आहे. कारण ते समजले, की संगणकाचे पुष्कळसे 'लागीर' आपोआप उतरते.

आधी जुन्या टंकयंत्राकडे पाहू. भारतात बनलेले पहिले टंकयंत्र गोदरेज कंपनीने १९५५ साली बाजारात आणले. आपल्यापैकी अनेकांनी तसल्या यंत्रांवर बोटे दुखेपर्यंत सराव केला असेल. त्यात कळ दाबली की दांडी उचलली जाई, आणि दांडीच्या टोकावर ओतलेले अक्षर फितीवर आपटून कागदावर उमटे. कळ आणि अक्षर यांची गाठ लोखंडाने बांधलेली होती. इंग्रजीचे यंत्र इंग्रजीचेच आणि मराठीचे मराठीचेच. दोन्ही भाषा हव्या, तर यंत्रे दोन घ्यावी लागत.

संगणकाने ही गाठ सोडवली. कळीवर जे अक्षर छापलेले असते ती केवळ शाई आहे. समजा, आपण 'के' ही कळ दाबली. यंत्रात 'के' जात नाही. जातो एक आकडा. लिनक्समध्ये या कळीचा आकडा आहे ३७. पुढे पडद्याची व्यवस्था पाहणारा एक भाग असतो, त्याचे नाव 'एक्स'. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९८४ साली तो प्रथम तयार झाला. हा एक्स जुन्या प्रथेप्रमाणे त्या आकड्यात ८ मिळवतो आणि ४५ म्हणतो. मग ४५ समोर काय लिहिले आहे, हे एका तक्त्यात पाहिले जाते. इंग्रजी तक्ता लावलेला असेल तर तेथे रोमन लिपीतले धाकटे 'के' सापडते. सर्व लिपींना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत त्याचा क्रमांक १०७. देवनागरी तक्ता लावलेला असेल तर त्याच जागी 'क' सापडतो, आणि त्याचा क्रमांक २३२५. बोट तेच, कळ तीच, आकडाही तोच. बदलला तो फक्त तक्ता.

भजनाला बसणाऱ्या श्रोत्यांना हे नवे वाटू नये. पेटीवर बोटाखालची पट्टी तीच असते, पण गवयाने सा कुठे धरला यावर तिला सा म्हणायचे की म, हे ठरते.

आता मूळ मुद्दा. बोट आणि अक्षर यांच्यामध्ये जर आकडे आणि तक्ते आहेत, तर ते पाहता येतील का? बदलता येतील का? येतात. त्यासाठी चित्रांच्या आणि बटणांच्या पाठीमागे जावे लागते. लिनक्समध्ये 'टर्मिनल' नावाची एक खिडकी असते. तिच्यात चित्रे नसतात. आपण एक ओळ लिहायची, एंटर दाबायचे आणि यंत्राने उत्तर द्यायचे. प्रश्नोत्तरांची जुनी रीत. पुढे मी ज्या आज्ञा सांगणार आहे त्या प्रत्यक्षात रोमन लिपीतल्या धाकट्या अक्षरांत लिहायच्या असतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.

पहिली आज्ञा 'एक्सइनपुट लिस्ट'. एक्स, आय, एन, पी, यू, टी ही सहा अक्षरे जोडून, मग जागा सोडून लिस्ट. ही आज्ञा दिली की संगणक आपल्या सर्व हातापायांची हजेरी घेतो. यादीचे दोन भाग पडतात. एक बाण हलवणाऱ्या साधनांचा, दुसरा कळफलकांचा. प्रत्येक भागाच्या डोक्यावर एकेक मुकादम असतो. ती खरी वस्तू नव्हे, नुसती कल्पनेतली जागा. त्याच्या हाताखाली खऱ्या वस्तू ओळीने येतात आणि प्रत्येकीच्या पुढे नाव आणि क्रमांक असतो.

त्या मुलीच्या यादीत दोन नावे महत्त्वाची होती. 'सिनपीएस/२ सिनॅप्टिक्स टचपॅड', क्रमांक १२. आणि 'एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड', क्रमांक ११. हे दुसरे नाव बहुतेक लॅपटॉपांच्या यादीत दिसते. त्यातले 'एटी' म्हणजे आयबीएम कंपनीने १९८४ साली काढलेला पीसी-एटी हा संगणक. त्याच्या कळफलकाने आकडे पाठवण्याची जी पद्धत घातली, ती आजच्या लॅपटॉपांतही नावासकट चालू आहे. नवीन घराच्या पाटीवर पणजोबांचे नाव असावे, तसा हा प्रकार.

क्रमांक कळला, पण लगेच औषध द्यायचे नाही. आधी निदान. दुसरी आज्ञा 'एक्सइनपुट टेस्ट १२'. ही दिली की क्रमांक १२ची वस्तू काय काय बोलते आहे ते ओळीओळीने पडद्यावर उमटू लागते. मी मुलीला म्हटले, "हात काढून घे. मांडीवर ठेव." तिने ठेवले. तरीही पडद्यावर ओळी धावतच होत्या! कुणी शिवत नसताना टचपॅड सांगत होता, बोट इकडे गेले, बोट तिकडे गेले. म्हणजे दोष तिच्या लिखाणात नव्हता, लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये नव्हता आणि व्हायरसही नव्हता. एक वस्तू खोटी साक्ष देत होती, इतकेच. चाचणी थांबवायला कंट्रोल आणि सी या कळा एकदम दाबायच्या.

असे का होते? टचपॅडला दाब कळत नाही. त्याच्या पृष्ठभागाखाली अतिशय सूक्ष्म विद्युतभार असतो आणि बोट जवळ आले की त्यात फरक पडतो. हा फरक मोजून तो बोटाची जागा ठरवतो. पण ओलावाही असाच फरक पाडू शकतो. आपल्या रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि समुद्राची खारी हवा वेगळीच. दोरीवरचे कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, तेथे या नाजूक पट्टीची काय कथा!

येथे एक धोक्याची सूचना देतो आणि ती मनावर घ्या. टचपॅड वर उचलला गेल्यासारखा दिसत असेल, किंवा लॅपटॉपची बैठक फुगून तो टेबलावर डगमगत असेल, तर दोष टचपॅडचा नसून आतल्या बॅटरीचा असू शकतो. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. अशा वेळी कुठलीही आज्ञा देत बसू नका. यंत्र बंद करा, चार्जिंग काढा आणि ते जाणकाराकडे न्या. आम्हीही आधी लॅपटॉप उलटा करून पाहिला. तळ सपाट होता. मगच पुढे गेलो.

तिसरी आज्ञा म्हणजे ती जादूची ओळ. 'एक्सइनपुट डिसेबल १२'. एंटर दाबले. बाण जागच्या जागी थांबला. मुलगी पडद्याकडे टक लावून पाहत राहिली. तो हलेना. मग मी माझ्या टेबलावरचा माऊस काढून तिच्या यंत्राला जोडला आणि बाण माऊसच्या हुकुमात आला. एक पैसा खर्च झाला नाही. पुढे कधी टचपॅड परत हवासा वाटला, तर 'डिसेबल'च्या जागी 'एनेबल' लिहायचे.

या आज्ञेचे व्याकरण पाहा. आधी कुणाला हाक मारायची, मग क्रिया, मग कर्म. आपण मराठीत 'बाराव्याला गप्प कर' असे क्रियापद शेवटी आणून म्हणतो. यंत्राची वाक्यरचना वेगळी, पण वाक्यच ते. ज्याला वाक्य बांधता येते त्याने या खिडकीला भिण्याचे कारण नाही.

हीच तीन पावले कळफलकालाही लागू पडतात. यादी पाहा, चाचणी घ्या, मग निर्णय. 'एक्सइनपुट टेस्ट ११' देऊन 'के' दाबले तर 'की प्रेस' आणि पुढे ४५ अशी ओळ उमटेल. कळ दाबूनही ओळ उमटली नाही, तर ती कळ मेली. न दाबता उमटत राहिली, तर कळ अडकली. आणि ओळ बरोबर उमटते पण अक्षर चुकीचे येते, तर कळ निर्दोष आहे, तक्ता चुकीचा लावला आहे. एवढे सांगता आले तरी दुकानदारासमोर आपण अडाणी ठरत नाही. पावसाळ्यात एखादी कळ अडकून पानभर एकच अक्षर उमटत असेल, तर आतला कळफलक बंद करून बाहेरून यूएसबीचा कळफलक जोडता येतो. जुने यंत्र भंगारात न जाता आणखी काही वर्षे चालते.

मात्र कळफलक बंद करताना जपून. एकुलता एक कळफलक बंद केलात, तर तो पुन्हा सुरू करण्याची आज्ञा लिहिणार कशाने? विहिरीत उतरून शिडी वर ओढून घेण्यासारखे ते. म्हणून शहाणी माणसे तीन आज्ञा अर्धविरामांनी जोडून एका ओळीत देतात. 'एक्सइनपुट डिसेबल ११, स्लीप ३०, एक्सइनपुट एनेबल ११'. म्हणजे, अकराव्याला गप्प कर, तीस सेकंद झोप काढ, मग त्याला उठव. तीस सेकंदांत प्रयोग पाहून होतो आणि शिडी जागेवर राहते. इतकेही करून अडचण झालीच, तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. या आज्ञा तेवढ्या सत्रापुरत्याच असतात. नव्याने सुरू झालेले यंत्र त्या विसरलेले असते.

बाण थांबला, पण मुलीचे दुसरे गाऱ्हाणे राहिलेच होते. ते मला पहिल्यापेक्षा मोठे वाटले. ती म्हणाली, "सर, आजीने सांगितलेला शब्द मी लिहिते आणि तो बदलून दुसराच होतो." मी पाहिले. ती रोमन लिपीत उच्चार लिहीत होती आणि एक प्रोग्रॅम अंदाजाने त्याचे मराठी करून देत होता. अंदाज बांधणाऱ्याला जे शब्द ठाऊक, तेच तो पुढे करणार. पुस्तकी शब्द सुरेख येत. बोलीतला शब्द आला की तो जवळच्या ओळखीच्या शब्दात ढकलला जाई. ज्या शब्दांसाठी ती पोर शेताच्या बांधाबांधावरून हिंडली, तेच नेमके पुसले जात होते आणि ते तिला पान उलटल्यावर कळत होते.

यावरचा उपाय म्हणजे अंदाज काढून टाकून तक्ता लावणे. तक्ता अंदाज करत नाही. जी कळ दाबाल ते अक्षर, बरे असो की वाईट.

देवनागरीचा असा एक तक्ता आपल्याकडे शास्त्रशुद्ध रीतीने बनलेला आहे. त्याचे नाव 'इन्स्क्रिप्ट'. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ साली तो ठरवला, १९८८ साली सुधारला आणि १९९१ साली तो भारतीय मानकात समाविष्ट झाला. संगणकावर भारतीय लिपी आणण्याचे जे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले होते, ते पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत वाढले.

या तक्त्याची मांडणी आपल्या बाराखडीसारखीच शहाणपणाची आहे. डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे मुख्यतः व्यंजने. 'के'च्या कळीवर क, आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ख. 'आय'वर ग, शिफ्टसह घ. 'एल'वर त आणि थ, 'ओ'वर द आणि ध, 'एच'वर प आणि फ, 'वाय'वर ब आणि भ. अल्पप्राण आणि त्याचा महाप्राण एकाच घरात नांदतात. मात्रांचेही तसेच. 'एफ'वर ऱ्हस्व वेलांटी, आणि शिफ्टसह पूर्ण अक्षर इ. मधल्या ओळीतल्या 'डी'वर हलन्त, म्हणजे जोडाक्षराचा पाय. वर्णमाला ज्याला पाठ आहे त्याला हा तक्ता निम्मा आधीच येतो.

आणि मराठीचे स्वतःचे लाडही येथे पुरवले जातात. शिफ्टसह 'एन' म्हणजे ळ. शिफ्टसह 'जे' म्हणजे ऱ. हा दुसरा फार कामाचा. साधा र, हलन्त आणि य लिहिले की 'दर्या' होतो, म्हणजे समुद्र. ऱ, हलन्त आणि य लिहिले की 'दऱ्या' होतात, म्हणजे डोंगरांमधल्या. आपल्या जिल्ह्यात पूर्वेला दऱ्या आणि पश्चिमेला दर्या. त्यांची अदलाबदल होऊन कसे चालेल?

तक्ता बदलण्याची आज्ञा 'सेटएक्सकेबीमॅप'. सेट, मग एक्स, के, बी, मग मॅप, सगळे जोडून. पुढे 'इन' लिहिले तर देवनागरी तक्ता लागतो, 'यूएस' लिहिले तर इंग्रजी. पण येथेही शिडीची गोष्ट आहे. देवनागरी लावल्यावर टर्मिनलमध्येही देवनागरीच उमटते, आणि परत जाण्याची रोमन आज्ञा लिहिता येत नाही! म्हणून आधी 'सेटएक्सकेबीमॅप यूएस' ही ओळ एकदा द्या, मग 'सेटएक्सकेबीमॅप इन'. परतताना वरच्या बाणाची कळ दोनदा दाबली की आधीची 'यूएस'ची ओळ समोर येते. एंटर दाबा, आलात परत. बाणाच्या कळांवर तक्त्याचा परिणाम होत नाही.

रोजच्या कामाला याहून सोयीची एक ओळ आहे. 'सेटएक्सकेबीमॅप -लेआउट यूएस,इन -ऑप्शन जीआरपी:आल्ट_शिफ्ट_टॉगल'. ही दिली की दोन्ही तक्ते हाताशी राहतात आणि आल्ट व शिफ्ट एकत्र दाबून या तक्त्यावरून त्या तक्त्यावर जाता येते. टंकयंत्रे दोन लागत होती, तेथे दोन कळांचे काम.

या ओळी रोज लिहायच्या नसतील, तर सत्र सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत त्या घालून ठेवाव्यात. तेथे टचपॅडसाठी क्रमांक न लिहिता त्याचे पूर्ण नाव अवतरणचिन्हांत लिहावे. कारण नवीन वस्तू जोडली किंवा यंत्र पुन्हा सुरू केले, की क्रमांक बदलू शकतात. नाव बदलत नाही.

दोन खुलासे करून आवरते घेतो. पहिला असा, की अलीकडच्या अनेक लिनक्स यंत्रांवर एक्सच्या जागी 'वेलँड' नावाची व्यवस्था आली आहे. तेथे या आज्ञा दिल्या तर खरी यादी दिसत नाही आणि तक्ताही बदलत नाही. त्या यंत्रांवर हीच कामे त्यांच्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधून करावी लागतात. जुन्या, हलक्या यंत्रांवर मात्र पुष्कळदा एक्सच भेटतो. दुसरा खुलासा विंडोजवाल्यांसाठी. तेथे 'पीएनपीयुटिल' नावाची आज्ञा वस्तूंची यादी देते आणि विंडोज १०च्या २०२० मधल्या आवृत्तीपासून वस्तू बंदही करू शकते. मात्र त्यासाठी प्रशासकाचा अधिकार लागतो. मराठीचा तक्ता तेथे भाषेच्या सेटिंग्जमध्ये मिळतो. आज्ञा निराळ्या असल्या, तरी बोट, आकडा, तक्ता, अक्षर ही साखळी तीच आहे.

त्या मुलीचे पुढे काय झाले? शनिवार-रविवार तिने इन्स्क्रिप्टवर बोटे बसवली. पहिल्या दिवशी पान लिहायला तास लागला, असे तिनेच सांगितले. सोमवारी प्रकल्प आला. त्यातले काही शब्द मीही कधी ऐकलेले नव्हते. एका शब्दाखाली मी लाल रेघ ओढली आणि विचारले, "हे चुकलंय का गं?"

"नाही सर," ती म्हणाली, "आजी तसंच म्हणते. या वेळी मी दाबलं तेच उमटलंय."

मी रेघ खोडली.